भट्टी पेटवण्याआधी: व्यावसायिक स्वयंपाकघरातल्या गॅसबद्दल वाचकांचे प्रश्न

हॉटेल, खानावळ, मेस, केटरिंग अशा धंद्यातल्या वाचकांनी गॅसच्या जोडणीबद्दल विचारलेल्या प्रश्नांना या अंकात उत्तरं दिली आहेत. बहुतेकांनी सुटं सुटं विचारलं आहे: रेग्युलेटर कोणता घेऊ, पंखा किती इंची लावू, पाइप अर्धा इंची चालेल का. यातल्या कशाचंच उत्तर सुटं देता येत नाही. सगळ्या शेगड्या एकदम पूर्ण पेटल्या तर तासाला किती किलो गॅस जळेल, हा आकडा आधी काढावा लागतो. सिलिंडर, रेग्युलेटर आणि पाइप त्याच्यावरून ठरतात. खरेदी आधी आणि हिशेब नंतर, असाच क्रम बहुतेक ठिकाणी दिसतो आणि तिथेच गडबड होते.

प्रश्न: सातारा-कोल्हापूर रस्त्यावर नाश्त्याचं हॉटेल काढतो आहोत. एक मोठी भट्टी, डोशाचा तवा आणि चहाची शेगडी आहे. सिलिंडर किती आणि कुठे ठेवावेत? फॅब्रिकेटर म्हणतो, ओट्याखालीच बसवून देतो.

ओट्याखाली नको. का ते पुढे सांगतो, आधी आकडा काढू.

चांगल्या बर्नरच्या पट्टीवर ताशी खप किलोत किंवा किलोवॅटमध्ये लिहिलेला असतो. ताशी १ किलो एलपीजी म्हणजे साधारण १२.७ किलोवॅट, एवढं लक्षात ठेवलं की दोन्ही आकडे एकमेकांत बदलता येतात. स्थानिक बनावटीच्या भट्टीला पट्टीच नसते. तिचा खप वजनकाट्यावर काढा: सिलिंडर काट्यावर ठेवून फक्त ती एक भट्टी तासभर पूर्ण जाळायची आणि वजन किती उतरलं ते बघायचं. समजा भट्टी १.२ किलो, तवा ०.६ आणि चहाची शेगडी ०.३ निघाली, तर बेरीज ताशी २.१ किलो.

सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. त्याची वाफ व्हायला लागणारी उष्णता तो बाहेरच्या हवेतून, पत्र्यामधून ओढून घेतो. म्हणून १९ किलोच्या एका सिलिंडरमधून सतत काढता येणारी वाफ मर्यादित असते, ताशी सुमारे अर्धा ते एक किलो. गर्दीच्या वेळी तास-दीड तास त्याहून थोडा जास्त खप निघतो, पण दिवसभर नाही. तुमच्या २.१ किलोला एक सिलिंडर अजिबात पुरणार नाही. दोन चालू आणि दोन राखीव, म्हणजे दोन-अधिक-दोनचा मॅनिफोल्ड (सगळी सिलिंडर एका लाइनला जोडणारी जोडणी) घ्या. एक बाजू संपली की दुसरी उघडायची आणि संपलेल्या बाजूची सिलिंडर सावकाश बदलायची.

चार सिलिंडर म्हणजे ७६ किलो गॅस. एक जास्तीचं ठेवलं तर ९५. एकूण १०० किलोपर्यंत एलपीजी बाळगायला गॅस सिलिंडर नियमांनुसार वेगळा परवाना लागत नाही. सहावं सिलिंडर आलं की ११४ किलो होतात. ‘रिकामं’ म्हणून कोपऱ्यात उभं केलेलं सिलिंडरही भरलेलंच धरून मोजा. त्यात किलोभर तरी गॅस उरलेला असतो आणि व्हॉल्व्ह नीट बंद केला आहे का हे कुणी पाहिलेलं नसतं.

आता जागा. एलपीजीची वाफ हवेच्या दीड ते दोन पट जड असते. गळलेला गॅस वर न जाता पाण्यासारखा जमिनीवरून पसरतो आणि खोलगट जागी साचतो. ओट्याखालची बंद पेटी म्हणजे त्याच्यासाठी तयार हौद, आणि वर एका हातावर ज्योत. भारतीय मानक ६०४४ नुसार खोलीत ठेवायची जोडणी ४० किलोपर्यंतची, म्हणजे १९ किलोची दोन सिलिंडर, असेल तर निदान ५ चौरस मीटर जागा हवी. ८० किलोपर्यंत १२ चौरस मीटर. एकाच खोलीत दोन जोडण्या असतील तर त्यांच्यात ३ मीटर अंतर हवं. हे झालं किमान. महामार्गावरच्या हॉटेलाला मागे जागा असते, तेव्हा सिलिंडर बाहेरच ठेवा: वर पत्रा, समोर जाळीचा दरवाजा, तळ सिमेंटचा आणि आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडा उंच. जाळी अगदी जमिनीपर्यंत हवी. खाली विटांचं जोतं बांधून वर जाळी लावलेले पिंजरे आपल्याकडे सर्रास दिसतात, त्यांत गळलेला गॅस जोत्याच्या आत साचून राहतो. जवळपास गटाराचं तोंड, चेंबर, पाण्याच्या टाकीचा खड्डा किंवा तळघराची खिडकी नको. विजेचा बोर्ड आणि जनरेटरही लांब. सिलिंडर नेहमी उभं, साखळीनं बांधलेलं.

सिलिंडर घेताना वरच्या कड्याच्या पट्टीवरची तपासणीची तारीख पाहा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढे वर्ष. ‘बी २८’ असेल तर ते सिलिंडर जून २०२८ पर्यंत चालतं. मुदत उलटलेलं असेल तर घेऊच नका.

मॅनिफोल्डवर काय काय हवं ते फॅब्रिकेटरकडून एकेक करून मोजून घ्या. प्रत्येक सिलिंडरमागे पिगटेल म्हणजे उच्च दाबाची लवचीक नळी, तिच्या टोकाला उलटा प्रवाह रोखणारा एनआरव्ही, दोन्ही बाजूंना बॉल व्हॉल्व्ह, दाबमापक आणि मग पहिल्या टप्प्याचा रेग्युलेटर. बचत करायची झाली की सगळे आधी एनआरव्ही गाळतात. तो नसेल तर सिलिंडर काढल्यावर शेजारच्या सिलिंडरचा गॅस त्या मोकळ्या पिगटेलमधून थेट बाहेर येतो. आत शिरल्याबरोबर, आचाऱ्याला भट्टीपाशी न जाता हात पोचेल अशा जागी, मुख्य बंद-व्हॉल्व्ह हवा. तो दारापाशी बसवा. भट्टीच्या मागे बसवलेला मुख्य व्हॉल्व्ह आग लागली की कुणाच्याच कामाचा नसतो.

पाइप सी क्लासचा, म्हणजे जाड भिंतीचा. तुमच्या खपाला, ३० मिलिबारच्या लो प्रेशर लाइनवर, १० मीटर पाइप आणि आठ-दहा एल्बो धरले तर अर्धा इंची पाइप फक्त काठावर पुरेल. पाऊण इंची त्याच्या दुप्पट वाहून नेतो. अर्धा इंची घातला की तवा पेटवल्यावर चहाची शेगडी मंदावते, आचारी म्हणतो ‘रेग्युलेटर गेला’ आणि नवा रेग्युलेटर येतो. खरा दोष पाइपचा असतो. पाइप भिंतीत गाडू नका, फॉल सिलिंगमधून नेऊ नका. भिंत पार करताना मोठ्या पाइपच्या बाहीतून न्या. शेवटची रबरी नळी दीड मीटरच्या आत, सगळी दिसेल अशी, आणि तिच्यावर छापलेल्या मुदतीत बदललेली.

प्रश्न: आमचा आचारी म्हणतो, लो प्रेशर भट्टीला जोर नसतो. हाय प्रेशरच हवी का?

कढई किती मोठी आहे त्यावर आहे. पन्नास-साठ लिटरच्या पातेल्याला हाय प्रेशर भट्टी ठीक. भाजी-आमटी, चहा आणि तव्याला लो प्रेशर पुरते. ज्योत शांत राहते आणि आवाजही कमी होतो. दोन्ही एकाच लाइनवर हवे असतील तर हाय प्रेशरची लाइन आधी वेगळी काढून मग लो प्रेशरसाठी दुसऱ्या टप्प्याचा रेग्युलेटर लावायचा. घरगुती शेगडी हाय प्रेशर अॅडॅप्टरला जोडण्याचा प्रकार मात्र कधीही नको. ३० मिलिबारसाठी बनवलेल्या कॉकवर कित्येक पट दाब पडतो. नॉबच्या दांड्यातून गॅस सुटायला लागतो, आणि त्या जागेकडे कुणाचं लक्षही जात नाही.

जोर कमी वाटला की जेटचं, म्हणजे गॅस सुटतो त्या तोटीचं, भोक सुईनं किंवा ड्रिलनं मोठं करण्याची आचाऱ्यांची खोड आहे. व्यास १० टक्क्यांनी वाढला तर गॅस २१ टक्क्यांनी वाढतो. बर्नरची हवा तेवढीच राहते. मग ज्योत पिवळी होते, भांडी काळी होतात आणि खर्च वाढतो. जेट बंद झाला तर काढून स्वच्छ करा, मऊ तार किंवा हवेचा झोत वापरा. भोक अंडाकृती झालं असेल तर नवा घाला. दहा-वीस रुपयांच्या वस्तूसाठी ही कसरत कशाला?

प्रश्न: नवीन पाइपलाइन टाकली. प्लंबरनं सगळीकडे साबण लावून दाखवला, फेस आला नाही. एवढं पुरेसं आहे का?

पुरेसं नाही, आणि कोणत्या दाबाखाली साबण लावला हेही तुम्ही लिहिलेलं नाही. ३० मिलिबारला फारच छोटी गळती फेसात दिसायला वेळ लागतो. चाचणी अशी करून घ्या.

सिलिंडर आणि शेगड्या दोन्ही सुटे करा. रेग्युलेटर काढून त्या जागी टोपी लावा, कारण चाचणीच्या दाबानं त्याचा पडदा फाटू शकतो. लाइनमध्ये कॉम्प्रेसरची हवा किंवा नायट्रोजन भरा. ऑक्सिजन कधीच नाही. वेल्डिंगवाल्याकडे ऑक्सिजनची टाकी तयार असते म्हणून तो तीच लावायला बघतो. तेल-ग्रीस लागलेल्या सांध्यात दाबाखालचा ऑक्सिजन स्वतःहून आग लावू शकतो. सिलिंडरच्या दाबाखाली राहणारा भाग कामाच्या दाबाच्या दीडपट दाबावर, आणि लो प्रेशरचा भाग पहिल्या फेरीत १ किलोवर (चौरस सेंटिमीटरला १ किलो दाब) तपासा. अर्धा तास काटा हलता कामा नये. ठेकेदाराकडून त्या कागदावर दाब, वेळ, लाइनची लांबी आणि तारीख लिहून घ्या.

आता साबण: एक भाग भांडी घासायचं द्रव, दहा भाग पाणी, जुना रंगाचा ब्रश. प्रत्येक धागा, पिगटेलची दोन्ही टोकं आणि कॉकचे दांडे. मिनिटभर एका ठिकाणी बघत राहायचं, घाईत ब्रश फिरवून पुढे जायचं नाही. पाण्याचं काम करणारे प्लंबर सांध्यांना सुतळी आणि सफेदा लावतात. गॅसला ते नको. सफेदा सुकला की तडकतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात गळती सुरू होते. गॅससाठीची जाड टेफलॉन टेप लावा, पण धाग्याच्या टोकापासून दोन आटे सोडून. टेपचे तुकडे आत गेले तर पुढे जेटमध्ये अडकतात.

मग शेवटची, आणि आमच्या मते सगळ्यांत खरी चाचणी. शेगड्या, रेग्युलेटर सगळं जोडलेलं असताना लो प्रेशरच्या लाइनवर पारदर्शक नळीचा यू लावा आणि त्यात निम्म्यापर्यंत पाणी भरा. ३० मिलिबार म्हणजे दोन्ही बाजूंच्या पातळीत साधारण ३० सेंटिमीटरचा फरक. शेगड्यांचे कॉक बंद ठेवून सिलिंडर उघडा, पाणी चढू द्या, सिलिंडर बंद करा, दहा मिनिटं थांबा. पातळी खाली आली तर कुठेतरी गळती आहे. ० ते २१ किलोचा पितळी दाबमापक इतकी छोटी गळती दाखवूच शकत नाही, त्याच्यावर काटा शून्याजवळच लटकत असतो. यू नळी एवढी हळवी आहे की पाइपचं तापमान एका अंशानं बदललं तरी पातळी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास सरकते. म्हणून उन्हात किंवा भट्ट्या पेटल्यावर ही चाचणी करू नका. पहाटे, स्वयंपाकघर थंड असताना करा. बंद सिलिंडर असूनही पातळी वर चढत राहिली तर त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही, हीदेखील एक उपयोगी बातमी.

प्रश्न: नवा मोठा एक्झॉस्ट पंखा लावल्यापासून भट्टीची ज्योत उडते, तव्याची ज्योत मध्येच विझते, आणि कामगारांचे डोळे जळतात. पंखा तर छान ओढतो.

पंखा छान ओढतो, हेच कारण. स्वयंपाकघरात हवा येण्याची वाट त्यानं ओढलेल्या हवेला पुरत नाही.

साधी परीक्षा करा. सगळ्या भट्ट्या आणि पंखा चालू असताना मागचं दार सताड उघडा. ज्योत लगेच स्थिर झाली तर हवा कमी पडते आहे. दार आतून उघडायला जड जात असेल किंवा डायनिंग हॉलची एसीची हवा फटीतून शिट्टी वाजवत आत येत असेल, तर शंकाच नको.

हिशेब बघा. १ किलो एलपीजी जळायला साधारण १२ ते १३ घनमीटर हवा लागते. ताशी २ किलो जाळणाऱ्या भट्ट्यांना २५ घनमीटर पुरे. पण २.४ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद हूडचं (भट्टीवरच्या धूर ओढणाऱ्या छत्रीचं) क्षेत्र २.८८ चौरस मीटर, त्याच्या तोंडाशी सेकंदाला ०.४५ मीटर वेग धरला तर पंखा ताशी सुमारे ४७०० घनमीटर हवा ओढतो. फॅब्रिकेटरच्या भाषेत २७५० सीएफएम, म्हणजे मिनिटाला घनफूट. भट्टीला लागणारी हवा म्हणजे या हिशेबात चिल्लर. ती पंखा पळवून नेतो. तेवढीच हवा आत आली नाही तर खोलीत ओढ तयार होते, ज्योत हूडकडे खेचली जाते, जळण अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही. डोकं जड होणं, मळमळ, संध्याकाळी सगळ्याच कामगारांना एकदम थकवा, अशी लक्षणं दिसली तर उन्हाळ्याला दोष देऊ नका.

पंख्यानं ओढलेल्या हवेच्या सुमारे ८० टक्के हवा ताजी आत आली पाहिजे. तुमच्या उदाहरणात साधारण २२०० सीएफएम. छोट्या जागेत ती भिंतीतल्या जाळीतून येऊ शकते, पण जाळी वहीच्या पानाएवढी नको. सेकंदाला २ मीटर वेग धरला तरी निदान अर्धा चौरस मीटर मोकळं तोंड लागतं, आणि पट्ट्यांनी अडवलेलं क्षेत्र त्यातून वजा करायचं. ही हवा थेट भट्टीच्या तोंडावर आणू नका, नाहीतर दुसऱ्या बाजूनं ज्योत विझेल. जागा नसेल तर ताज्या हवेचा वेगळा पंखा लावा. आणि एक्झॉस्ट बंद असेल तर गॅसचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा) व्हॉल्व्ह उघडणारच नाही अशी वायरिंग करून घ्या. वीज गेली की पंखा थांबतो, भट्ट्या चालू राहतात. लोडशेडिंगच्या गावांत हे रोजचं आहे.

हूड भट्टीच्या प्रत्येक मोकळ्या बाजूला १५ सेंटिमीटर पुढे असावं, खालची कड जमिनीपासून २ मीटरच्या आसपास. फिल्टर दर आठवड्याला धुवा. तेलानं भरलेला फिल्टर हवा अडवतो, आणि डक्टमध्ये साचलेलं तेल पेटलं तर आग छतापर्यंत जाते.

प्रश्न: सिलिंडरवर बर्फ धरतो आणि तीन-चार किलो गॅस शिल्लक असतानाच ज्योत मंदावते. गरम पाण्याच्या टपात ठेवलं तर चालेल?

बर्फ म्हणजे त्या सिलिंडरकडून झेपेल त्यापेक्षा जास्त वाफ मागितली जाते आहे. प्रोपेन −४२ अंशांना उकळतो, ब्युटेन ०च्या जरासा खाली. दोन्ही मिसळलेले असतात, प्रोपेन आधी निघून जातो आणि तळाला ब्युटेन जास्त उरतो. त्यात आधीच थंड पडलेला पत्रा, म्हणून शेवटचे किलो येत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत नाशिक किंवा महाबळेश्वरकडे हे जास्त जाणवतं.

टप नको. आज कोमट पाणी, उद्या उकळतं, परवा घाईत पेटता बोळा: कामगारांच्या हातात हे असंच वाढत जातं. तापलेल्या सिलिंडरमधला दाब झपाट्यानं चढतो. त्याहून वाईट म्हणजे सिलिंडर आडवं करणं किंवा उलटं करून हलवणं. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये जातो. एक लिटर द्रवाची साधारण २५० लिटर वाफ होते. भट्टीतून हातभर ज्योत उसळते आणि रेग्युलेटरच्या पडद्यावर तेलकट गाळ बसून तो कायमचा खराब होतो.

उपाय एकच: एका वेळी जास्त सिलिंडर चालू ठेवा, म्हणजे प्रत्येकावरचा भार कमी होईल. खप इतका वाढला की सिलिंडरांची रांग मावेना, तर द्रव काढणारी एलओटी (लिक्विड ऑफ-टेक) सिलिंडर आणि त्या द्रवाची वाफ करणारा व्हेपोरायझर यांचा विचार करा. ते काम गॅस कंपनीच्या मान्यताप्राप्त ठेकेदाराचं आहे.

प्रश्न: घरूनच पोळी-भाजीचे डबे देते. रोज साठ डबे होतात. घरगुती लाल सिलिंडर चालतं ना?

नाही. घरगुती अनुदानाच्या सिलिंडरचा धंद्यासाठी वापर एलपीजी पुरवठा आदेश २००० नुसार चालत नाही. पकडलं गेलं तर सिलिंडर जप्त होतात. एजन्सीकडून १९ किलोची निळी जोडणी घ्या. जागा कमी असेल तर ५ किलोचीही मिळतात, पण ती वरचेवर बदलावी लागतात आणि प्रत्येक बदलीत वायसर तपासावा लागतो. सिलिंडरच्या तोंडातला हा रबरी वायसर हरवला, फाटला किंवा दोन बसले, तर कितीही घट्ट लावलं तरी गळतं. नवं सिलिंडर उघडल्यावर आधी तो बोटानं चाचपून पाहा.

प्रश्न: आमच्या भागात पाइप गॅस आला. जुन्या भट्ट्या तशाच जोडल्या तर चालतील का? (पुणे)

नाही. पाइप गॅस म्हणजे नैसर्गिक वायू. त्यात घनमीटरमागे उष्णता एलपीजीच्या एक तृतीयांशाच्या आसपास असते आणि पुरवठ्याचा दाबही सहसा कमी, २१ मिलिबार. तेवढीच आच हवी असेल तर जेटचं भोक एलपीजीच्या जेटच्या जवळपास दीडपट व्यासाचं लागतं. ते ठेकेदार कंपनीच्या तक्त्यावरून बसवतो, अंदाजानं नाही. हाय प्रेशर भट्टी मात्र जेट बदलूनही चालत नाही. इतक्या कमी दाबावर तिचा बर्नर पुरेशी हवा आत ओढू शकत नाही. तो बर्नरच बदलावा लागतो.

पाइप गॅसचे जेट बसवलेली भट्टी पुन्हा एलपीजीला लावली तर दुप्पट गॅस सुटतो आणि पिवळी, काजळी ज्योत उसळते. पुरवठा बंद पडला की कुणीतरी जुनं सिलिंडर बाहेर काढतंच, म्हणून प्रत्येक भट्टीवर कोणत्या गॅसचा जेट आहे ते रंगानं लिहून ठेवा आणि जुना मॅनिफोल्ड लाइनपासून पूर्ण तोडून टाका. फक्त व्हॉल्व्ह बंद करून ठेवू नका.

नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो. त्याची गळती ओळखणारा डिटेक्टर छताजवळ ३० सेंटिमीटरच्या आत लागतो. एलपीजीचा जमिनीपासून ३० सेंटिमीटरच्या आत. पुण्या-मुंबईत गॅस बदलल्यावर डिटेक्टर जुन्याच जागी राहिलेला दिसतो, म्हणजे तो शोभेलाच उरला. तळणाच्या वाफा थेट येतील तिथेही नको, रोज खोटा भोंगा वाजला की कामगार त्याची वायर काढून ठेवतात.

प्रश्न: तळघरात किंवा पोटमाळ्यावर स्वयंपाकघर चालेल का? भाडं परवडतं.

तळघरात एलपीजी सिलिंडर अजिबात नाही. जड वाफेला बाहेर जायला वाटच नसते. पोटमाळ्यावर खाली उतरायचा एकच जिना असेल आणि तो स्वयंपाकघरातूनच जात असेल तर तिथेही नाही. मुंबईत कुर्ल्यातल्या एका उपाहारगृहात ऑक्टोबर २०१५ मध्ये लागलेल्या आगीत ८ जणांचा जीव गेला. भाडं कमी का आहे, ते करार करण्याआधी विचारा. महाराष्ट्रात २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा लागू आहे; परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा बसवून घ्यावी लागते आणि दर जानेवारी आणि जुलैत ती चालू असल्याचा ‘ब’ नमुना द्यावा लागतो. तळघरातल्या स्वयंपाकघरासाठी तो कुणी सहजासहजी देणार नाही, आणि कुणी दिलाच तर त्या कागदाचा तुम्हाला उपयोग नाही.

प्रश्न: लग्नाच्या सीझनमध्ये वेगवेगळ्या मंगल कार्यालयांत भट्ट्या लावतो. मांडवामागे काय काळजी घ्यावी?

तात्पुरत्या जोडणीत तीन गोष्टी वारंवार चुकतात. पहिली, नळी. भट्टी लांब न्यायची म्हणून दोन रबरी नळ्या मधे पाइपचा तुकडा घालून क्लिपनं जोडतात आणि वरून पाण्याची घमेली जातात. अखंड, उच्च दाबाची, तारेचं वेष्टण असलेली नळी घ्या आणि ती वाटेत येणार असेल तर जागाच बदला. दुसरी, अंतर. सिलिंडर भट्टीपासून निदान ३ मीटर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, आणि ज्वाळा पोचू शकेल अशा कापडी कनातीपासून दूर. भट्टीभोवती पत्र्याचा आडोसा लावला की वारा अडतो, पण चारी बाजूंनी बंद करू नका. भट्टीखाली हवा हवी. तिसरी, साठा. राखीव सिलिंडर मांडवाच्या आत रांगेत ठेवतात, आचारी त्यांच्यावर बसून कांदा चिरतात. त्यांना सावलीत, बाहेर, टोपण लावून ठेवा. सिलिंडर खड्ड्यात किंवा चरात उभं करू नका.

तळणाच्या कढईशेजारी उघडी ज्योत नको: मधे ४० सेंटिमीटर जागा किंवा २० सेंटिमीटर उंचीची स्टीलची पट्टी. कढई पेटलीच तर आधी गॅस बंद, मग झाकण. पाणी टाकलं की पेटतं तेल उडतं. स्वयंपाकाच्या तेलाच्या आगीसाठी वेट केमिकलचं ‘के’ वर्गाचं अग्निशामक हवं. कोपऱ्यातलं पावडरचं लाल सिलिंडर ज्योत विझवतं, पण तेल तापलेलंच राहतं आणि पुन्हा पेटतं.

प्रश्न: पहाटे स्वयंपाकघर उघडताना गॅसचा वास आला तर नेमकं काय करायचं?

दिवा लावू नका. आधीच लागला असेल तर बंदही करू नका. फ्रिज, पंखा, एक्झॉस्ट, मोबाइल, कशालाच हात लावायचा नाही. हवेत साधारण २ ते ९ टक्के एलपीजी असेल तर स्विचची ठिणगी पुरते. बाहेरच्या पिंजऱ्यातून सिलिंडर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि सगळ्यांना बाहेर काढा. जमिनीलगतचा गॅस निघायला वेळ लागतो, म्हणून खालची दारं आधी. फोन रस्त्यावर जाऊन करा: एलपीजी गळतीसाठी १९०६, आग असेल तर १०१.

वास थोड्या वेळानं कमी झाल्यासारखा वाटतो, त्यावर विश्वास ठेवू नका. नाकाला सवय होते. सिलिंडरच्या व्हॉल्व्हमधूनच गळत असेल तर दोरीला बांधलेली प्लास्टिकची टोपी घट्ट बसवा आणि सिलिंडर मोकळ्या जागी उभं न्या. व्हॉल्व्हपाशी ज्योत धरली असेल आणि गॅस बंद करता येत नसेल तर ज्योत विझवायच्या मागे लागू नका. विझलेल्या ज्योतीचा गॅस पसरतो आणि पुन्हा पेटतो तेव्हा स्फोट होतो. आजूबाजूची सिलिंडर लांब न्या, जळत्या सिलिंडरवर लांबून पाणी मारून ते थंड ठेवा आणि बंब येईपर्यंत लोकांना लांब ठेवा.

रात्री बंद करतानाचा क्रमही ठरवून ठेवा: आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह, मग लाइनमधला उरलेला गॅस शेवटच्या शेगडीवर जळू द्यायचा, ज्योत आपोआप विझली की कॉक बंद. नुसता कॉक बंद करून गेलात तर रात्रभर पूर्ण लाइन दाबाखाली राहते.